वस्तू ओट्यावर ठेवलेली आहे

हे मी आजवर कोणाच्याही कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्याही नाही — आणि तो बिचारा माझ्या पोटातलं सगळं आपल्याला कळतं अशा समजुतीत राहिला. मग तुम्हाला का सांगते? तुम्ही माझे कोणी लागत नाही म्हणून. लागत असता तर तुमच्याशीही खोटंच बोलले असते. मला ते छान जमतं.

हिंगोलीत आमच्या कॉलनीत मला एका गोष्टीचा मान होता. हसाल तुम्ही — जुनं सामान विकण्याचा. इंटरनेटवर जाहिरात देऊन घरबसल्या वस्तू विकायची, हे आमच्याकडे पहिल्यांदा मी केलं. म्हणजे जाहिरात टाकली मुलाने. तो औरंगाबादला इंजिनिअरिंगला होता, तिथून त्याने टाकली आणि खाली माझा मोबाईल नंबर दिला. पण पद्धत माझी. गिऱ्हाईक घरात घ्यायचं नाही. वस्तू सकाळीच ओट्यावर काढून ठेवायची, जाळीच्या दाराला आतून कडी. त्याने यायचं, ओट्यावरच बघायचं, पटलं तर पैशाचं पाकीट मीटरच्या पेटीत ठेवायचं, वस्तू उचलायची आणि चालतं व्हायचं. मी खिडकीतून बघत असायची. बायामाणसांसाठी किती सुरक्षित, म्हणून भिशीत माझं कौतुक व्हायचं. "म्याडम, तुमच्यासारखं डोकं न्हाई आमाला," असं म्हणत बायका आपापली कपाटं, कूलर तशीच विकू लागल्या.

सुरक्षित — पण कोणापासून? तिथेच येते आहे. जरा दमानं घ्या, मला सरळ चालत जाता येत नाही या गोष्टीकडे.

आधी गिऱ्हाइकांचं सांगते, म्हणजे माझं तोंड कसलं आहे ते कळेल. एकेक नमुना होता. वारंगा फाट्याचा एक हॉटेलवाला फोन उचलल्या उचलल्या विचारायचा, "शेवटचं किती?" काय घ्यायचंय ते त्याला माहीत नाही, पण शेवटचं किती ते हवं. दुसरा, "चांगला आहे तर मग काहून विकून राहिले?" — जणू मी फ्रिजचा खून केलाय आणि हा तपासाला आलाय. तिसरा रोज फोन करायचा आणि रोज बायकोला विचारून सांगतो म्हणायचा. नवा जिल्हा झाला, कार्यालयं आली, गाड्या आल्या. माणसं मात्र होती तीच, फुकट मिळालं तर शेणही घेणारी. असं मी म्हणायची. स्टाफरूममध्ये सगळे हसायचे. हो, मी मास्तरीण होते, हायस्कुलात विज्ञान शिकवायची. आणि शाळेत पोरांना पाण्याचा माठ एकच हवा, कोणी कोणाचा वेगळा पेला ठेवायचा नाही, म्हणून हेडमास्तरांशी भांडलेली मीच. ते भांडण खोटं नव्हतं. खरंच भांडले होते. म्हणूनच पुढचं सांगायला जीभ जड होते.

ही ओट्याची पद्धत सुरू व्हायच्या आधी मी एकच वस्तू विकली होती — फ्रिज. तेव्हा गिऱ्हाईक घरात घेतलं होतं. मे महिना होता. दोघे जण नेमके एकाच वेळी आले. एक जवळा बाजारचे बागायतदार, पांढरे कडक कपडे, हातात दोन अंगठ्या. दुसरा सुभाष. मूळचा शिरड शहापूरचा, फ्रिज-कूलर दुरुस्त करणारा. जुने फ्रिज घ्यायचा, नीट करून विकायचा. फोनवर त्याने आडनाव सांगितलं होतं आणि मला कळायचं ते कळलं होतं. तुम्हालाही कळलं असतं. आपण सगळे आडनाव ऐकतो ते त्यासाठीच ना?

बागायतदार सोफ्यावर बसले. मी बसा म्हणाले होते. सुभाष फ्रिजपाशी उभा राहिला. त्याला बसा म्हणायचं मला सुचलं नाही — नाही, हे खोटं आहे. सुचलं होतं, म्हणाले नाही. तो कॉम्प्रेसरला कान लावून ऐकत होता, दाराचं रबर बोटाने दाबून बघत होता आणि बोलत होता. नाक्यावर दुकान नवंच टाकलंय, बायको आणि लेकरू गावाहून इथे आणलंय, पोरीला इथल्याच शाळेत घातलंय. "तुमच्या कॉलनीवरच भिस्त हाय ताई," म्हणाला. "चार घरी नाव झालं की झालं."

मग दोघांनी पाणी मागितलं. मी आत गेले.

आमच्या मोरीच्या खिडकीत एक कप असायचा. चिनी मातीचा, दांडा तुटलेला. भांडीवालीचा, भंगारवाल्याचा, अशांचा. तो तिथे कोणी ठेवला, कधी ठेवला, मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की त्या दिवशी माझा एक हात स्टीलच्या पेल्याकडे गेला आणि दुसरा त्या खिडकीकडे. विचार करावा लागला नाही. बाहेर आले, पेला बागायतदारांना दिला आणि कप सुभाषला.

त्याने कप बघितला. मग पेला बघितला. मग माझ्याकडे बघितलं — रागाने नाही हो, रागाने बघितलं असतं तर मी निभावलं असतं. ओळख पटल्यासारखं बघितलं. भरलेला कप त्याने टीपॉयवर ठेवला आणि म्हणाला, "राहू द्या ताई. तहान न्हाई." मे महिन्यातली दुपार, माणूस उन्हातून आलेला, आताच पाणी मागितलेलं. आणि तहान नाही.

बागायतदार ढेकर देऊन, फ्रिज भंगार आहे असा निकाल देऊन निघून गेले. सुभाषने घासाघीस न करता ठरलेले पैसे दिले, फ्रिज छोट्या टेम्पोत चढवला आणि गेला. मी मात्र दिवसभर जळत होते. हा कोण मोठा लागून गेला? माझ्या घरात उभा राहून मला दाखवतो? काय दाखवतो? — त्याने काहीच दाखवलं नव्हतं. माझंच मला दिसलं होतं, आणि ते दिसायला तो कारण झाला म्हणून मला त्याचा संताप आला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या पोटातल्या पोटात कशा असतात ते मी तेव्हा शिकले.

त्याच आठवड्यात भिशी होती. शेजारच्या वहिनींनी सहज विचारलं, "तो फ्रिजवाला पोरगा कसा हाय हो? आमचा कूलर दाखवावा म्हणते." एवढंच. हो म्हटलं असतं तर त्याला काम मिळालं असतं. मी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "जरा जपून. साहेब घरी कधी येतात म्हणून विचारत होता मेला. नजर सारखी आतल्या खोलीत."

त्याने विचारलं नव्हतं. त्याची नजर फ्रिज सोडून कुठे गेली नव्हती, एकदा कपाकडे गेली तेवढीच. पण वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की मलाच खरं वाटलं. बायकांनी तोंडावर पदर धरले. आणि मग मी माझी पद्धत सांगितली — ओटा, जाळी, मीटरची पेटी. कोणाला घरात घ्यायचंच नाही, म्हणजे प्रश्नच नाही. खरा प्रश्न असा होता की पुन्हा कोणी माझ्या घरात उभं राहून तो कप बघायला नको होता. कप फेकून देणं सोपं होतं. ते काही मी केलं नाही.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. राईचा पर्वत करायला आमच्या कॉलनीला वेळ लागत नाही, कामधंदे नाहीत ना फार. महिन्याभरात एका घरातलं कानातलं हरवलं. ते पुढे दळणाच्या डब्यात सापडलं, पण तोवर कॉलनीतले चार पुरुष सुभाषच्या दुकानावर जाऊन त्याच्या हत्यारांची पिशवी रस्त्यावर उलटी करून आले होते. त्या चौघांत माझा नवरा होता. घरी आला तेव्हा छाती फुगलेली. मी त्याला चहा करून दिला.

दुसऱ्या दिवशी सुभाष आला. फाटकाबाहेर उभा राहिला, कडीला हात लावला नाही. आजूबाजूच्या ओट्यांवर बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या, सगळ्यांचे हात थांबले. तो म्हणाला, "ताई, मी आत येत न्हाई. तुमी फक्त बाहेर या अन् या वहिनींसमोर एवढं बोला, की मी साहेबांचं काही विचारलं न्हाई. मालक दुकान खाली कर म्हणून राहिला. तुमच्या एका शब्दानं थांबंल तो."

एक शब्द. मागून मागून किती मागितलं त्याने? मी जाळीच्या आत उभी होते. मला वाटत होतं, खरं बोलले तर मग विचारतील, आधी तसं का म्हणालात? मग कपाचं सांगावं लागेल. आणि गंमत ऐका — कपाचं सांगितलं असतं तर त्या बायकांना काहीही वाटलं नसतं. प्रत्येकीच्या मोरीत तसलाच कप होता. ज्याच्यासमोर लाज वाटावी असं माणूसच नव्हतं त्यांच्यात एकही. लाज वाटली असती ती फक्त त्याच्यासमोर, तेही त्याला सगळं माहीत असताना. एवढ्यासाठी मी मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "फ्रिजचा व्यवहार संपला आहे. आता इथे यायचं नाही."

"बराबर हाय," तो म्हणाला, आणि गेला. वहिनी म्हणाल्या, बरं खडसावलंत. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, यात आम्ही सगळ्या एका माळेचे मणी. पण त्यांच्यापेक्षा मी वाईट. त्यांनी ऐकलेलं खरं मानलं. मला तर खरं काय ते माहीत होतं.

दिवाळीच्या आत त्याचं दुकान गेलं. त्याची पोरगी आमच्याच शाळेत होती, पाचवीत. हे मला पहिल्यापासून माहीत होतं, मीच तिचा वर्ग घ्यायची. तिच्या दाखल्यासाठी सुभाष शाळेत आला तेव्हा मी व्हरांड्यात होते. तो ऑफिसच्या दारात थांबला. पोरगी मात्र पळत माझ्याकडे आली. बापाने तिला माझ्याबद्दल काही सांगितलं नव्हतं, ते तिच्या तोंडावरच दिसत होतं. "म्याडम, आमी पुण्याला जाऊन राहिलो," म्हणाली आणि वाकून तिने माझ्या दोन्ही पायांना हात लावला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. खूप शिक, म्हणाले.

तिच्या बापाने माझ्या घरातून विकत घेतलेल्या फ्रिजशिवाय काहीही नेलं नव्हतं. साहेब कधी येतात असं त्याने विचारलं नव्हतं. तो चार हात अंतरावर उभा राहून आमच्या दोघींकडे बघत होता, व्हरांड्यात दुसरं कोणी नव्हतं, आणि तेव्हाही मी त्याला हे म्हणाले नाही.