मालधक्क्यावरचे अकरा अर्ज

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी वडिलांच्याही आधी नानांचं नाव घेईन. नाना आमच्या गावाजवळच्या लहानशा स्टेशनात मालधक्क्यावर कारकून होते. केळीच्या बागायतदारांकडून वॅगनचे मागणीअर्ज घ्यायचे आणि पाळीप्रमाणे वॅगन द्यायची, हे त्यांचं काम. मी जळगावात शिकत असताना आईनं बांधलेला डबा ते रोज सकाळच्या पॅसेंजरच्या गार्डाकडे देत. चार वर्षांत तो एकदाही चुकला नाही. आमच्या घरातून पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. त्या डब्याशिवाय मॅट्रिकही झालो नसतो.

पुढे धुळ्यात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली मी काम सुरू केलं. कंट्रोल आणि परमिटांचे दिवस होते. कापडाच्या, सिमेंटच्या परमिटावरून चौकशीत सापडलेले सरकारी नोकर आणि व्यापारी आमच्या ओसरीवर बसलेले असत. सगळेच निर्दोष. ज्येष्ठ मला सांगत, "अशील रडला तरी कागद बघ, हसला तरी कागद बघ. आणि सगळं आठवणारा माणूस नेमकी एकच गोष्ट विसरला, की तिथं थांब."

हे वाक्य मी नानांवरच वापरीन असं वाटलं नव्हतं.

कुणीतरी निनावी अर्ज केला होता. कुणी, ते आजही मला माहीत नाही. मुंबईहून एक अधिकारी आला आणि मालधक्क्याचं दप्तर घेऊन गेला. त्यात अकरा मागणीअर्ज मेलेल्या माणसांच्या नावांचे निघाले. नानांनी हे खोटे अर्ज स्वतःच घुसडले आणि त्या नावांवर एका व्यापाऱ्याला पाळी मोडून वॅगन दिल्या, असा आरोप होता. नानांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. गुन्हा शाबीत झाला असता तर नोकरी, पेन्शन दोन्ही गेलं असतं, वर तुरुंग.

मी धावत गेलो. नाना म्हणाले, "तू नको रे. दुसरा कुणीतरी पाहू."

"का? माझ्यावर भरवसा नाही?"

"तसं नाही, वकीलसाहेब. तुमची फी परवडायची नाही," असं म्हणून ते हसले. मी हट्टानं वकीलपत्रावर त्यांची सही घेतली आणि विचारलं, "ते अर्ज कुणी आणून दिले?"

"आठवत नाही."

या माणसाला दहा वर्षांपूर्वी कुणाची वॅगन कोणत्या दिवशी उशिरा लागली, तेही आठवत असे. मी थांबलो.

तेव्हापासून माझी नजर बदलली. त्यांच्या क्वार्टरमध्ये चहा पिताना मी फळीवरची पितळी भांडी बघू लागलो. कोपऱ्यातलं शिवणयंत्र कधी आलं, हे आठवू लागलो. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, ते ओळखलं. "भांडी काय पाहतोस? तुझ्या वेळचीच आहेत. पोचे तेवढे नवीन." मी मान खाली घातली, पण संशय गेला नाही. आसपासच्या तीन गावांत जाऊन नानांबद्दल आडून आडून विचारलं. मेलेल्या बापाच्या नावानं अर्ज दिला होता का, असं विचारलं की लोक गप्प होत. हे मौनही मी नानांच्याच खात्यावर टाकलं.

चौकशी चालू होती तोवर ते अकरा कागद कुणालाच दाखवत नव्हते. खटला भरल्यावर जळगावच्या कोर्टात शिरस्तेदारांसमोर बसून ते मला पाहायला मिळाले. तो अधिकारी शेजारीच उभा होता. म्हणाला, "काय वकीलसाहेब, तुमच्या खानदेशात मेल्यावर अक्षर सुधारतं वाटतं!"

अक्षर खरंच वळणदार होतं. तिसऱ्या कागदावर माझ्या आजोबांचं नाव होतं. खाली त्यांची सही होती, आणि आजोबांना जन्मात सही येत नव्हती. अकरापैकी सात कागद माझ्या हातचे होते.

कागद परत दिले आणि बोदवडची गाडी पकडून गावी गेलो. वडील बागेत पाणी देत होते.

"आबाचं नाव लिहिलं त काय चोरी केली?" ते म्हणाले. "वावर अजून त्याच्याच नावावर हाये. नाव बदलाले तलाठ्याकडे कोन चकरा मारते? अन् सुटीत आला का बठ्ठ्या आळीचे अर्ज तूच लिहे."

"पण सह्या?"

"त्याबी तूच केल्या. आमी म्हनलो अंगठा लावतो, त तू म्हने, अंगठा बरा नाही दिसत."

ते मी विसरलो होतो. नाना विसरले नव्हते. त्यांनी माझं नाव सांगितलं असतं, तर तेव्हाच सुटले असते आणि माझी वकिलीची सनद धोक्यात आली असती. त्यांच्यासमोर जाण्याचा मला धीर झाला नाही. धुळ्याला परतून ज्येष्ठांना सगळं सांगितलं आणि हे पत्र लिहिलं:

"तीर्थरूप नानांस,

साष्टांग नमस्कार. सोबत तुमचं वकीलपत्र परत पाठवत आहे. ज्या खटल्यात साक्ष द्यायची, त्यात मला वकील म्हणून उभं राहता येत नाही. तुमचं काम आता आमचे ज्येष्ठ पाहतील. त्यांना फी विचारू नका, ते रागावतील.

सात अर्ज आणि त्यांवरच्या सह्या माझ्या आहेत, असं मी कोर्टात सांगणार आहे. बाबाही येतील; वॅगनमध्ये केळी आमचीच गेली, हे ते सांगतील. ते आले म्हणजे आळीतले आणि उरलेल्या चार अर्जांचे लोकही येतील, असं बाबा म्हणतात. माझ्या सनदीचं जे व्हायचं ते होवो. तो डबा गार्डाच्या डब्यातून फुकट जात होता का, असं कुणी विचारलं तर तेही खरं सांगेन.

मी तुमच्यावर संशय घेतला. तुमच्या घरातली भांडी पाहिली, गावांत तुमच्याबद्दल विचारत फिरलो. अक्कांना हे वाचून दाखवा.

एक विनंती आहे. ते अर्ज कुणी लिहिले, असं पुन्हा विचारलं, तर या वेळी आठवतं म्हणून सांगा."