नळीवरचा लेप

आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पोटापासून मांडीपर्यंत कृत्रिम रक्तवाहिनी बसवून अकरा दिवस झाले तरी ताप उतरत नव्हता. आप्पा सातपूरच्या कारखान्यात फिटर. बिडीनं पायाच्या शिरा बंद पडल्या होत्या, उजवं पाऊल कित्येक महिने थंडगार. मी पंचवटीतून डबा घेऊन जायचे, थर्मामीटर बघायचे, परत यायचे. शंभर, एकशे एक. चिडायलाही ताकद लागते, तीही संपत आली होती.

तरी पत्रक लिहिलं. मी ज्या संघटनेत काम करते तिथली रीतच तशी, आधी पत्रक, मग विचारपूस. ‘गरिबाच्या पोटात सडकी नळी! तत्काळ बाहेर काढा!’ छापून आणलं आणि दवाखान्याच्या भिंतीवर खळीनं चिकटवलं.

डॉक्टरांनी आत बोलावलं. तेही दमलेलेच दिसत होते.

“नळी विणलेल्या कापडाची असते, ताई. रक्त पाझरू नये म्हणून तिला जिलेटिनचा लेप असतो. काहींचं शरीर त्या लेपाला परका समजून त्याच्याशी भांडतं, त्याचा हा ताप. रक्त दोनदा तपासलं, जंतू नाहीत. लेप विरघळला की बहुतेक उतरेल. आता नळी काढली तर पाय जाईल.”

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“फॉर्मवर होतं.”

फॉर्म इंग्रजीत. आप्पांनी त्यावर मराठीत सही केली, तेव्हा मी शेजारीच उभी होते.

आप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “नवं मशीन चालू केलं की वरचं तेल जळतं, धूर होतो. नवा सुपरवायझर लगेच मेन स्विच पाडायला धावतो.”

“म्हणजे मी?”

“मग काय डॉक्टर?”

पत्रक मी आप्पांच्याच पत्र्याच्या पट्टीनं खरवडलं. खळ चांगली शिजली होती, निघता निघेना. मग दुसरं लिहिलं: संमतीचा फॉर्म मराठीत द्या, सही घेण्याआधी वाचून दाखवा. ते मात्र आधी डॉक्टरांच्या हातात दिलं. त्यांनी घडी करून खिशात ठेवलं. फॉर्म पुढेही इंग्रजीतच राहिला. राग आजही तेवढाच आहे, फक्त आता आधी विचारपूस, मग पत्रक.

तिसऱ्या आठवड्यात थर्मामीटर अठ्ठ्याण्णववर आला. मला खरं वाटेना, म्हणून चादर सारून आप्पांच्या उजव्या पावलाला हात लावला. अंगात ताप नव्हता. पाऊल गरम होतं.