बप्पांची शिडाची गाडी

रुमालालाही तिकीट लागतं, हे मला लिंबाजीबप्पांनी शिकवलं. मी तेव्हा माजलगावच्या शाळेत नवाकोरा मास्तर. बीडच्या स्टँडवर गाडी लागली आणि मी सगळं जग करतं तेच केलं. खिडकीतून सीटवर रुमाल टाकला आणि ऐटीत सगळ्यांच्या शेवटी चढलो. आत पाहतो तर कंडक्टर माझा रुमाल चिमटीत धरून गाडीभर विचारत फिरताहेत, "हे कुणाचं लेकरू हाय? एकटंच बसलंय. अर्धं काढू का फुल?" गाडी खो खो हसली. मी ओशाळून हात वर केला. त्यांनी रुमाल माझ्या हातात ठेवला आणि जागा एका बाईला दिली, जिच्या कडेवर खरंच लेकरू होतं. वडवणीपर्यंत मी उभा होतो.

पुढं रोजच्या जाण्यायेण्यातून आमची दोस्ती झाली. बप्पा किडकिडीत, काळेसावळे, आवाज मात्र असा की ड्रायव्हरला हॉर्नची गरज पडू नये. "पुढं सरका, पुढं सरका. जागा कुणाच्या बापाची न्हाई, तिकिटापुरती हाय," हे त्यांचं पालुपद. तहसील कचेरीतला साहेब असो की त्यांचा सख्खा मेव्हणा, सरका म्हटलं की सरकायचं. फक्त एका सीटवर ते कुणाला सहजी टेकू देत नसत. एसटीत पुढं एका सीटवर 'आमदार-खासदार यांच्यासाठी राखीव' असं रंगवलेलं असतं. त्या सीटवर मी कोंबड्यांची पाटी पाहिली आहे, मोसंबीचं पोतं पाहिलं आहे, आमदार मात्र कधी पाहिला नाही. बप्पांचा विश्वास दांडगा. "यील गुरुजी, यक दिवस यील. नियम लिव्हलाय म्हणल्यावर माणूस कदीतरी येनारच." आख्खी नोकरी त्यांनी वाट पाहिली. कुणी आलं नाही.

रिटायर झाल्यावर माणसं घरावर मजला चढवतात किंवा गळ्यात माळ घालतात. बप्पांनी शिडाची होडी आणली. पुण्याकडच्या कुठल्याशा क्लबानं मोडीत काढलेली, चार माणसांची, फायबरची. ती उसाच्या रिकाम्या ट्रॉलीत बसून माजलगावात आली तेव्हा तिला बघायला निम्मं गाव लोटलं. एका धनगराने तर तिला आत-बाहेरून निरखून विचारलं, "ह्यात मेंढरं किती बसतेत?" शीड फाटलं होतं, त्याला बप्पांनी ताडपत्रीची ठिगळं लावली. गावच्या धरणात होडी चालवायला ते मोबाइलवर बघून बघून शिकले. पहिल्या महिन्यात तीनदा उलटले, पण दर वेळी पोहत काठावर येऊन म्हणाले, "ब्रेक जरा कमी लागायलाय." उजव्या बाजूच्या फळीवर त्यांनी पांढऱ्या रंगात सुबक अक्षरात लिहिलं: राखीव. रुक्मिणकाकू, म्हणजे त्यांच्या घरच्या, ते वाचून म्हणाल्या, "अकलेवर बी तेच लिव्हा तुमच्या. तीबी कदी वापरली न्हाई."

सगळं झकास चाललं होतं आणि पाटबंधारे कचेरीची नोटीस आली. धरणाच्या पाण्यात बाटल्या तरंगायच्या, चपला तरंगायच्या, एकदा तर एक आख्खा सोफा तरंगताना मी पाहिला. त्यांना कुणी हटकलं नाही. बप्पांच्या होडीचा मात्र 'जलाशयातील अनधिकृत तरंगती वस्तू' असा उल्लेख करून महिनाअखेर ती पाण्याबाहेर काढण्याचं फर्मान निघालं. कचेरीतल्या कारकुनानं हळूच कानात सांगितलं, एखाद्या वजनदार माणसाचं शिफारसपत्र आणा, परवानगीचं बघता येईल. बप्पांनी ती नोटीस माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग म्हणाले, "गुरुजी, मपली गाडी पान्याबाहीर काढली तर म्या करू काय? घरात बसलो की जीव नुसता गुदमरायलाय." त्यांचा आवाज एवढा बारीक मी पहिल्यांदाच ऐकला. मी मुकाट्यानं शिफारसपत्राचा मजकूर लिहून, टाइप करून दिला. फक्त सही हवी होती.

त्या वर्षी सव्वीस जानेवारीला शनिवार-रविवार जोडून आले. बप्पांनी बेत आखला. तीन दिवस पाण्यावर काढायचे, मुक्कामाला काठावरच्या पुतण्याच्या शेतात यायचं आणि मधल्या दिवशी वजनदार माणसाला फिरवून सही घ्यायची. मला कशाला नेताय विचारलं तर म्हणाले, "तुमचं वजन मापाचं हाय. होडीला तोल लागतो." आमच्या विद्वत्तेचा एवढा नेमका उपयोग आजवर कुणी केला नव्हता.

शनिवारी मधोमध गेलो आणि वारा पडला. तीन तास आम्ही उन्हात बटाट्यासारखे बसून होतो. भाकरी झाली, ठेचा झाला, गावातल्या सगळ्यांची निंदा करून झाली. मी वैतागून म्हटलं, "बप्पा, आता काय?" ते शांतपणे म्हणाले, "गाडी फेल हाय. धीर धरा. टाइमटेबल वाऱ्याकडं हाय, डेपोकडं न्हाई." मग वाऱ्याची एक झुळूक आली, ताडपत्रीची ठिगळं फडफडली आणि त्या माणसाचा चेहरा असा उजळला की माझा राग कुठल्या कुठं गेला. खरं सांगतो, मला त्यांचा हेवा वाटला.

रविवारी भावी आमदार आले. नाव सांगत नाही. चौकाचौकातल्या फ्लेक्सवर होतं, तेवढं पुरे. गेली कित्येक वर्षं ते भावीच होते. पांढरीशुभ्र खादी, पांढरेच बूट, आणि फोटो काढायला एक कार्यकर्ता. देहानंही वजनदार. होडीत पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी 'राखीव' वाचलं आणि खुशीत तिथंच बैठक मारली. "बघ बे," ते कार्यकर्त्याला म्हणाले, "लोकांनी आधीच ठरवलंय!" मी बप्पांकडे पाहिलं. मेव्हण्याला उठवणारा हा माणूस सुकाणूचा दांडा धरून खाली मान घालून बसला होता. सही हवी होती ना.

अर्धा तास बरा गेला. मग बप्पा म्हणाले, "साहेब, वारं फिरायलंय. गाडी वळवायचीय. शिडाचा आडवा दांडा हिकडून तिकडं जाईल, तवा मान खाली घाला आन् सगळ्यांनी पल्याडच्या बाजूला सरका." कार्यकर्ता सरकला, मी सरकलो. साहेब ढिम्म. "मी कावून सरकू? माझी जागा हाय ही. लिहिलंय की." तीन पक्ष बदललेला हा माणूस चार फूट सरकायला तयार नव्हता! तेवढ्यात शीड फडाफडा पलटी झालं, उजवी बाजू खाली गेली आणि पाणी लोट्यानं ओतावं तसं आत आलं. माझ्या तोंडातून आईचं नाव निघालं. कार्यकर्ता तशातही फोटो काढतच होता.

"ओ भावी! उठा!" तो आवाज काठावरच्या म्हशींनीही ऐकला असेल. "ही जागा निवडून आलेल्याची हाय! तुमाला तर अजून तिकीट बी मिळालेलं न्हाई! सरका!"

साहेब चार पायांवर रांगत पलीकडे आले. होडी सावरली. आम्ही काठाला लागलो. खादीतून पाणी निथळत असताना बप्पांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून ते पत्र काढलं, दोन्ही हातांनी पुढं धरलं आणि म्हणाले, "साहेब, तेवढी सही." साहेबांनी पत्र घेतलं, न वाचता खिशात घातलं आणि म्हणाले, "बघू." आमच्या भागात 'नाही' म्हणणारा पुढारी अजून जन्माला यायचा आहे.

मी बप्पांवर जाम चिडलो. "काय गरज होती तोंड सोडायची? घोट्याएवढं तर पाणी आलं होतं. होडी उलटली असती तरी तुम्ही पोहून आला असता की! दर वेळी आलातच ना?"

"म्या आलो आसतो," बप्पा म्हणाले. "गुरुजी, तुमाला पवता येतंय का?"

"नाही."

"मंग?"

बस्स, एवढंच बोलून ते होडीतलं पाणी उपसायला लागले.

सोमवारी झेंडावंदन करून आल्यापासून ते अंधार पडेपर्यंत बप्पांनी काठावर येईल त्याला फुकट फिरवलं. धनगरांच्या म्हाताऱ्या बसल्या, ऊसतोडीच्या बायका बसल्या, रुक्मिणकाकूसुद्धा पदर दातात धरून बसल्या. महिनाअखेर ट्रॉली आली आणि अनधिकृत तरंगती वस्तू अंगणात जाऊन पडली. तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. पुढं निवडणुकीच्या तोंडावर चौकात फ्लेक्स लागलं. साहेब होडीत रुबाबात बसलेले, मागं निळाशार समुद्र, दोन डॉल्फिन, आणि खाली 'जलपर्यटनाचे जनक'. कॉम्प्युटरवाल्यानं मला आणि बप्पांना कापून टाकलं होतं. बप्पांचा सुकाणू धरलेला एक हात तेवढा कडेला चुकून राहिला होता. बप्पांनी फ्लेक्स नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "नखं कापाय पायजे हुती."

जनकांना तिकीट काही मिळालं नाही. बप्पा मात्र पुढच्या पावसाळ्यात, अंगणात, त्या होडीतच बसल्या बसल्या गेले. मी खूप रडलो. शाळेतून रिटायर होताना आलं नव्हतं, तेवढं रडू आलं.

परवा धरणाच्या काठानं चाललो होतो. आमच्याकडे फ्लेक्स मरत नाही, कुणाचं तरी छप्पर होतं. मेंढपाळांचं एक पाल होतं आणि त्यावर तेच फ्लेक्स ताणलेलं. साहेबांचा चेहरा उन्हापावसानं धुऊन निघालेला, डॉल्फिनच्या जागी भोक. मी थांबलो. पालातल्या बाईनं चूल फुंकता फुंकता विचारलं, "सायबाला वळखता का वो, गुरुजी?"

"साहेबाला नाही. त्या हाताला ओळखतो."

"कुणाचा हाय?"

"कंडक्टरचा."

ती उठून बाहेर आली आणि पहिल्यांदाच त्या हाताकडं निरखून पाहू लागली. "दांडा लई घट धरलाय की," ती म्हणाली.

"माझ्यासाठी धरलाय," मी म्हणालो.