नरनाळ्याच्या दरवाज्याचा फोटो

माझी आत्या अकोल्यात चित्रकलेची शिक्षिका होती. निवृत्तीनंतर तिने मोबाइलवर फोटो काढायला सुरुवात केली, तेव्हा मला गंमत वाटली होती. माझ्याकडे महागाचा कॅमेरा होता आणि अमरावतीच्या मित्रमंडळात माझ्या फोटोंचं बरंच कौतुक व्हायचं. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात आम्ही दोघं नरनाळा किल्ल्यावर गेलो, ते मी तिला शिकवणार अशाच समजुतीने.

किल्ल्यावर पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. महाकाली दरवाज्यासमोर मी अर्ध्या तासात दीडशे फोटो काढले. आत्याने एकही काढला नाही. ती कमानीजवळ गेली, हात पोचेल तिथवरच्या नक्षीवर अलगद बोटं फिरवली आणि आमच्यासोबत आलेल्या गाइडला विचारलं, दरवाज्यावर तिरपं ऊन कधी पडतं? तो म्हणाला, साडेतीनच्या सुमारास.

"मग साडेतीनपर्यंत बसू," असं म्हणून ती खरंच एका दगडावर बसली.

मी किल्ल्यावरचा तलाव पाहून आलो, डबा खाऊन झाला, तरी ती तिथेच. मी दोनदा घड्याळ दाखवलं.

"घाई काहून करून राहिला? आत्ता ऊन डोक्यावर आहे. सावली नाही तं नक्षी दिसन कशी?"

ऊन कललं आणि मघापर्यंत सपाट वाटणारी कमळं एकेक करून दगडातून वर आली. वरची कोरलेली अक्षरं, बाजूच्या सज्ज्यांच्या जाळ्या, सगळंच ठळक झालं. आत्याने चार फोटो काढले आणि मोबाइल पिशवीत टाकला.

अकोल्याला तिच्या घरी मी लॅपटॉप उघडला. माझ्या फोटोतलं पांढुरकं आकाश निळंशार केलं, दगडाला सोनेरी रंग चढवला, भिंतीच्या फटीत उगवलेलं पिंपळाचं रोप पुसून टाकलं. आत्या शेजारी बसून बघत होती. तिने विचारलं, ते रोप कुठे गेलं? काढून टाकलं, भिंत खराब दिसत होती, असं मी सांगितलं.

"दिसत नव्हती, होऊन राहिली. मुळं दगडात शिरली ना त्याची. हा फोटो जो पाहील त्याले ते दिसाले पाहिजे."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी रोप परत आणलं. रंगही उतरवले.

मग तिने स्वतःचा फोटो लॅपटॉपवर उघडायला लावला. खालून काढल्यामुळे दरवाजा मागे कललेला दिसत होता. तिने टेबलावरची प्लॅस्टिकची पट्टी स्क्रीनवर उभी धरली आणि मला म्हणाली, दरवाज्याच्या दोन्ही कडा या पट्टीला लागेपर्यंत सरळ कर. ते झाल्यावर सज्ज्याखालचा अंधार जरासा उजळला. बस, एवढंच. शेजारी शेजारी ठेवल्यावर माझा फोटो कॅलेंडरवरच्यासारखा दिसत होता. तिच्या फोटोत मात्र कुणीतरी छिन्नी घेऊन दिवसचे दिवस काम केलंय, हे कळत होतं.

तिने तो मोठा छापून घेतला आणि पुढच्या खेपेला त्या गाइडला नेऊन दिला. तो बराच वेळ बघत राहिला. रोज या दरवाज्यातून जातो, पण सज्ज्याखालची ही बारीक कोरीव वेल कधी लक्षातच आली नव्हती, असं म्हणाला आणि फोटो घेऊन तडक दरवाज्याकडे निघाला. आत्याही त्याच्या मागे गेली. मी मागेच उभा राहून दोघांकडे पाहत होतो. वेल नेमकी कुठून सुरू होते यावर त्यांचं एकमत होत नव्हतं.