चला-काकांनी मोडलेला सौदा

माणसाला एक तरी गोष्ट अशी यावी लागते, जिच्यासाठी चार लोक त्याच्या दाराची घंटा वाजवतील. कुणाला गळका नळ दुरुस्त करता येतो, कुणाला भांडणं मिटवता येतात. चला-काकांना उठता येत असे.

तसे नोकरीत ते आयुष्यभर बसूनच होते. विमा कंपनीच्या टपाल विभागात पाकिटांवर शिक्के मारून ते रिटायर झाले, आणि त्यांच्या निरोपसमारंभात साहेबांनी भलत्याच माणसाचं कौतुक केलं. उठण्याची कला त्यांनी कमावली ती दुकानांत. नात्यात, शेजारात कुणाला फ्रीज, सोफा, स्कूटर, गाडी, काहीही घ्यायचं झालं की काकांना सोबत न्यायचे. काका दुकानदाराचा चहा प्यायचे, किंमत ऐकून क्षणभर डोळे मिटायचे, निम्म्याच्या आसपास काहीतरी बोलायचे आणि दुकानदार ‘नाही हो परवडत’ म्हणाला की गुडघ्यांवर हात ठेवून ‘चला!’ म्हणत उठायचे. नाव पडलं ते त्यावरूनच.

मग दाराकडे चालणं. खरी मेख तिथेच होती. भराभर चाललं तर दुकानदार म्हणतो, गेली ब्याद. रेंगाळलं तर ओळखतो, याला जायचंच नाही. काका बरोब्बर मधल्या चालीने निघत. काकू एक पाऊल मागे राहून, दुकानदाराला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणत, “रंग मात्र छान होता हो.” दाराला हात लागायच्या आत मागून हाक आलीच पाहिजे. “साहेब, या, बसा. तुमचं नाही, आमचं नाही!”

आता हाक मारून दुकानदार जी किंमत सांगे, ती त्याने सकाळी कुलूप उघडतानाच मनाशी धरलेली असे, हे शेंबडं पोरही सांगेल. पण काकांना ते सांगायला कोण जातो? त्यांना कुणी कधी कशात विचारत नसे, ते एवढ्यात तरी विचारत. हरभऱ्याच्या झाडावर बसलेल्या माणसाला खाली बोलावू नये, त्याला तिथे बरं वाटत असतं.

अशा काकांच्या मुलीने एका संध्याकाळी, जेवता जेवता, आमटी पुढे सरकवावी तसं सांगितलं, “बाबा, मी गाडी बुक केली.”

मुलगी फिजिओथेरपिस्ट. घरोघरी जाऊन लोकांचे आखडलेले खांदे आणि बदललेले गुडघे हलवायचं काम. जड पिशवी घेऊन बस बदलत फिरून तिची स्वतःचीच पाठ धरायला लागली होती, म्हणून गाडी.

“बुक केली म्हणजे? कुठे? कुणाबरोबर गेलीस?”

“कुठे जायचंय? ऑनलाइन ब्रोकर असतात. कुठली गाडी, कुठला रंग ते टाकायचं, ते सगळ्या शोरूमकडून भाव मागवतात, सगळ्यात कमी तो आपला. बसमध्ये बसल्या बसल्या झालं. आणि फोन नंबर तुमचा दिलाय हं. पेशंटचा खांदा हातात असताना मला उचलता येत नाही.”

“अगं, वांगीसुद्धा आपण हातात घेऊन बघतो!”

“वांग्यात किडा असतो, बाबा. गाडी कारखान्यातून येते.”

काकू हसल्या. काकांनी ताट बाजूला सारलं. लोकांच्या गाड्यांसाठी त्यांनी चपला झिजवल्या, आणि स्वतःच्या घरात पहिली नवी गाडी येतेय तर त्यांचा उपयोग काय, तर फोन उचलायला! त्यांना राग आला असं ते काकूंना म्हणाले. राग नव्हता तो. पाकिटांवर शिक्के मारताना जे वाटायचं तेच पुन्हा वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पोरीला किती फसवलंय ते बघायला काका काकूंना घेऊन त्याच कंपनीच्या शोरूममध्ये गेले.

शोरूम म्हणजे काचेचं घर, आत गाड्या इतक्या चकचकीत की काकूंनी त्यातच केस नीट केले. टाय लावलेला एक सेल्समन आला. त्याने कॉफी दिली, ‘सर’ म्हणाला, किंमत सांगितली. मग किमतीच्या खाली एकेक पिल्लू निघायला लागलं. विमा आमच्याकडचाच. हँडलिंग चार्जेस.

“हँडलिंग म्हणजे?”

“गाडी हाताळणं, सर. गोडाऊनपासून इथपर्यंत.”

“म्हणजे तुमची गाडी तुम्ही तुमच्या दुकानात आणलीत त्याचे पैसे मी द्यायचे?”

सेल्समन गोड हसला आणि ‘मॅनेजरना विचारतो’ म्हणून काचेच्या केबिनमध्ये गेला. तिथला मॅनेजर मोबाइलवर काहीतरी खेळत होता. त्याने मान वर न करताच ती हलवली. सेल्समन चेहरा पाडून परत आला आणि म्हणाला, “सर, खूप भांडलो तुमच्यासाठी. फ्लोअर मॅट फ्री.”

मुलीच्या ब्रोकरचा भाव याहून बराच कमी होता. काकांनी गुडघ्यांवर हात ठेवले. “चला!”

चाल अगदी बरोब्बर पडली. काकूंनी रंगाचं कुजबुजून झालं. पण काचेचं दार मेलं आपोआप उघडणारं! हात लागायच्या आतच उघडलं, आणि दोघं बाहेर. मागून हाक नाही. काका पार्किंगमध्ये उभं राहून घड्याळ बघायला लागले. “अगं, तुझी पिशवी आत राहिली ना?” ती काकूंच्या हातातच होती. तेवढ्यात सेल्समन खरंच दारात आला. काकांची छाती फुगली. “सर,” तो म्हणाला, “तुमची स्कूटर जरा बाजूला घेता? कस्टमरची गाडी निघतेय.”

शहाणा माणूस इथे थांबला असता. पण घरी आल्यावर काका सोफ्यावर बसले आणि त्यांनी थेट ब्रोकरला फोन लावला. दुकानदार बिघडले असतील, पण सौद्याचे नियम थोडेच बदलतात! काकू म्हणाल्या, “अहो, झालाय ना सौदा? कशाला हात दाखवून अवलक्षण?” पण काकांना पोरीला दाखवायचं होतं, की याहूनही खाली आणतो तो तुझा बाप.

फोनवरची मुलगी पढवल्यासारखी बोलत होती. “सर, आमची किंमत अंतिम असते.”

“तसं सगळेच म्हणतात. काहीतरी सोडा.”

“सर, आमची किंमत अंतिम असते.”

“मग राहू द्या तुमची गाडी! मोडला सौदा!” काका गरजले आणि सवयीने सोफ्यावरून उठलेसुद्धा. फोन ठेवला आणि हाकेची वाट बघत बसले.

फोन टुंग वाजला. “आपल्या विनंतीनुसार बुकिंग रद्द केले आहे.” पाठोपाठ दुसरा मेसेज, “आमची सेवा कशी वाटली? तारे द्या.”

पडत्या फळाची आज्ञा मानणारा दुकानदार काकांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी घाईघाईने पुन्हा फोन केला, सौदा जोडा म्हणाले. पण ती ऑफर संपली होती. पोर पाठ धरून बसच्या रांगेत उभी असेल, आणि आपण तिची गाडी घालवली.

ते एकटेच पुन्हा शोरूममध्ये गेले. सेल्समनने बुकिंगचा नंबर पाहिला आणि त्याचे डोळे चमकले. “अरेच्चा, ही तर आमचीच गाडी, सर! ब्रोकर आमच्याकडूनच घेतात. ती काय तिकडे कोपऱ्यात उभीय.”

“मग द्या की. त्याच भावात.”

“तो भाव ऑनलाइन गिऱ्हाइकाचा, सर. तुम्ही तर समोर बसलायत.”

काका उठले नाहीत. त्यांनी बँकेतली ठेव मोडून वरचे पैसे भरले, हँडलिंगसकट, आणि मॅटसुद्धा मागितल्या नाहीत.

घरी मात्र चोराच्या उलट्या बोंबा! ब्रोकरनेच ऐनवेळी टांग मारली, पण आपण शोरूमवाल्याला त्याच भावात वाकवलं, असं त्यांनी ठोकून दिलं. मुलगी थक्क झाली. तिने ब्रोकरला एकच तारा आणि खरमरीत तक्रार पाठवली, आणि शेजारी जाऊन सांगितलं, “आमच्या बाबांचा हात कुणी धरू शकत नाही.” ती फोनवरची मुलगी बिचारी काकांच्या डोळ्यांपुढे येत राहिली. कौतुक गोड लागत होतं, तरी जेवण जात नव्हतं.

गाडी घ्यायला तिघं गेली. गाडीला रिबन होती. किल्ली देताना सेल्समनने सगळ्या स्टाफला बोलावून टाळ्या वाजवायला लावल्या. मग त्याला भरून आलं.

“मॅडम, तुमच्या वडिलांसारखं गिऱ्हाईक नाही पाहिलं. ब्रोकरचं बुकिंग स्वतः मोडून आमच्याकडे आले, त्याच्यापेक्षा एवढा जास्त भाव, पण एक रुपया कमी करा म्हणाले नाहीत. देवमाणूस!”

पुन्हा टाळ्या पडल्या. काकू नवऱ्याकडे बघत राहिल्या. मुलगी किल्ली घेऊन गाडीत बसली, काका तिच्या शेजारी. तिने गाडी सुरू केली नाही.

“बुकिंग तुम्ही मोडलंत?”

“हो.”

“मला स्वस्त पडत होती हे माहीत असून?”

“हो.”

“पण का, बाबा?”

काका समोरच्या काचेतून बघत होते. रिबन अजून तशीच होती आणि पुढचं काही दिसत नव्हतं.

“तू मला विचारलंच नाहीस.”

“आणि विचारलं असतं तर?”

“तर म्हणालो असतो, हीच घे. भाव चांगला होता.”