दिनूमामाचा तालात थरथरणारा रिमोट

माझा मामा आज सकाळी गेला. रडायला अख्खा जन्म पडलाय, आधी मला त्याची बढाई मारू द्या.

पलूसहून विट्याच्या एस.टी.त बसून लिहितेय. चुका पोटात घाला.

मला ऐकू येत नाही, हे ओळखीच्या सगळ्यांना माहीत आहे. नऊ वर्षांची होते, ताप आला आणि कान घेऊन गेला. बोलणं तेवढं राहिलं. मग ओठ वाचायला शिकले.

मामाच्या मिशा झुपकेदार. ओठ दिसायचेच नाहीत.

एक दिवस मामा मिशी कातरून आला. मामी हसली, गल्ली हसली.

"हसू द्या," मामा म्हणाला. "आता रेखीला कळतंय नव्हं, मी काय बोलतोय ते?"

असा माणूस होता.

विट्यात त्याचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. लग्नाला, जयंतीला लाउडस्पीकरही लावायचा. नव्याण्णव साली सोनं गाळायच्या गलाई धंद्यात असलेला त्याचा एक दोस्त केरळातून टीव्हीवरचा गेम घेऊन आला. मामानं दुकानाच्या पुढच्या अंगाला व्हिडिओ गेम सुरू केला. कंट्रोलरला तेव्हा सगळे रिमोटच म्हणायचे. गाडी धडकली की रिमोट हातात थरथरायचा. पोरं खुळावली होती नुसती.

मला गाडी नको होती.

मला गाण्याचा गेम हवा होता. ठेका पडला की त्याच क्षणी बटण दाबायचं. पहिला नंबर आला की स्क्रीनवर आपल्या नावाची तीन अक्षरं टाकायची.

मी तेव्हा बारावीला. कॉलेज सुटलं की थेट दुकानात. कुठलं बटण ते टीव्हीवर दिसायचं, पण नेमकं कधी, ते नुसतं बघून भागायचं नाही. दुसऱ्या मिनिटाला आऊट. पोरं एकमेकांत काय बोलायची ते मला ओठांवरून कळायचं.

"हिला कशाला गाण्याचा? हिला गाडी द्या की."

मी रडले नाही, मामाशी भांडले. "तुझ्या दुकानात मला खेळता यील असं काय हाय?"

मामानं एक रिमोट उघडला.

गाण्याच्या गेममध्ये रिमोट हलायचाच नाही. मामानं आतल्या मोटरची वायर कापली. टीव्हीकडं जाणारा आवाज एका जुन्या टेपच्या अॅम्प्लिफायरमधून काढला आणि त्यातला ढम्म तेवढा मोटरला सोडला. चिकचिक सगळी अडवली. लाउडस्पीकरवाल्याला हे काम नवं नव्हतं.

स्वतः धरून बघितला. खूश!

"रेखे, धर. लय भारी झालंय."

धरला. गाणं माझ्या हातात थरथरत होतं. इतक्या वर्षांनी. तिथंच हुंदका आला, खोटं कशाला सांगू.

आणि खेळायला गेले तर परत आऊट.

"मामा, हे उशिरा येतंय."

"छ्या! मला तर बरुबर लागतंय."

"तुला ऐकू येतंय म्हणून."

मामानं दोन्ही कानांत कापूस कोंबला, वरून मफलर आवळला आणि रिमोट धरून तीन दिवस तसाच बसला. ऑक्टोबरच्या उन्हात मफलर! गिऱ्हाईक हाका मारतंय, हा मान वर करत नाही. कुणीतरी मामीला जाऊन सांगितलं, "दिनकरला माज आलाय."

तिसऱ्या दिवशी दुपारी मफलर सुटला.

"पोरी, बरुबर हाय तुजं. हिरीवरची मोटर बटान दाबल्या दाबल्या पानी फेकती व्हय? तिला वाईच घुमाय लागतंय. तसंच हाय हे."

मोटरच्या टोकाला लोखंडाचा एक तुकडा असतो. तो फिरतो म्हणून रिमोट थरथरतो. मामानं तो कानशीनं घासून हलका केला. आणि मोटर पुरती थांबूच द्यायची नाही, हळूहळू फिरती ठेवायची, अशी वायरिंग केली. म्हणजे ठेका आला की ती लगेच उसळणार. मामा घासायचा, मी खेळायचे, "अजून उशीर" म्हणायचे, मामा परत घासायचा. मोजायला यंत्र नव्हतं, माझे तळहात होते.

दोन दिवसांनी मी अख्खं गाणं खेळले. पहिला नंबर!

आर. ई. के.

त्याच पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या बघताही येतात.

मोठमोठ्या कंपन्यांनी असलं काही आधी केलं असेल, नसेल. मला माहीत नाही. विट्यात माझ्या मामानं केलं, एक कानस घेऊन.

घोळ एकच होता. त्या मशीनमध्ये स्कोअर साठवायची सोय नव्हती. बंद केलं की नाव पुसलं.

मामानं मशीन बंद करायचंच सोडलं. लाइट गेली तरी बंद पडू नये म्हणून ते लाउडस्पीकरच्या बॅटरीला कायम जोडून ठेवलं. तापलं की उलटं ठेवून पंखा लावायचा. येईल त्याला ते नाव दाखवायचा. "आमच्या भाचीचं हाय." पोस्टमन पण सुटला नाही.

अकरा दिवस हे चाललं. मग एका दुपारी बॅटरीच बसली.

मी कॉलेजातून आले तर मामा पायरीवर तोंड पाडून बसलेला. मला वाटलं, घरात कुणी गेलं.

"रेखे, नाव गेलं गं."

डोळ्यांत पाणी. माझ्या नावासाठी!

"गेलं तर गेलं," मी म्हणाले. "रिमोट दे."

लाइट आल्यावर खेळले. मामा शेजारी बसून होता. मधे एकदा हात घसरला, पण सावरले. पहिला नंबर आला. तीन अक्षरं टाकली.

मामानं ती नीट बघून घेतली आणि स्वतःच्या हातानं मशीन बंद केलं.

"आरं मामा! नाव गेलं की!"

तो माझ्याकडं तोंड करून, सावकाश, एकेक शब्द सुटा करत बोलला.

"जाऊ दे. आता तुला कवाबी आणता येतंय."

मामा, तुझी भाची म्हणून ताठ मानेनं येतेय तुला शेवटचं बघायला.
पोचतेच.
जय भीम.