ड्रायव्हरची सोय

सकाळी साडेसातला फोन आला, तो गाडी हलवा म्हणून. "मॅडम, तुमची गाडी आमच्या रिसेप्शनच्या दारात उभी आहे, आता गेस्ट नाश्त्याला येतील, आणि तुमचा ड्रायव्हर काही उठत नाहीये." मी डब्याची पोळी तव्यावर टाकत होते. म्हटलं, काचेवर जोरात थापा मारा, दमले असतील. पलीकडून रिसॉर्टचा मॅनेजर म्हणाला, "तसं नाही मॅडम... तुम्ही कुणाला तरी पाठवा." पोळी तव्यावर करपली. बोनकोड्याचे बाळारामभाऊ, सतरा वर्षं माझ्या ऑफिसची गाडी चालवणारा माणूस, गेला होता, आणि ही बातमी मला कळली ती रिसॉर्टवाल्यांची अडचण होते आहे म्हणून. सात आठवडे झाले त्याला. घरचे म्हणतात, राग शांत झाला की लिही, आत्ता काहीतरी भलतंच लिहून बसशील. मी कऱ्हाडकडची, माझं तोंड मुळातच फटकळ. पण राग शांत व्हायची वाट बघत बसले तर कधीच लिहिणार नाही, आणि खरं सांगायचं तर तो शांत व्हावा असं मला वाटतही नाही.

कोपरखैरण्यात माझं छोटं ऑफिस आहे. लोकांच्या सहली ठरवून देते, गाडी आणि मुक्काम दोन्ही. पावणे गावातली फॅक्टरी बंद पडली तेव्हा बाळारामभाऊ माझ्याकडे आले. तिथं ते टेम्पो चालवायचे. काय येतं विचारलं, तर म्हणाले, गाडीत कोनी ओकला तरी मी रागावत नाय. एवढी एकच लायकी त्यांनी सांगितली, आणि या धंद्यात तीच सगळ्यात मोठी निघाली. बोनकोडं हे इथलं मूळ गाव. टाउनशिप यायच्या आधी आजूबाजूला भातशेती होती, त्यातली थोडी यांच्या वडिलांची. माझी सोसायटी त्याच जमिनीवर उभी आहे. "ताई, तुमच्या किचनच्या जागी आमचा खला होता," असं एकदा त्यांनी हसत हसत सांगितलं होतं. जिथं त्यांच्या घरचं भात झोडलं जायचं तिथं माझा मिक्सर फिरतो. त्यांच्या भावांनी उरल्यासुरल्या जागेवर मजले चढवले, खोल्या महाप्याला कामाला जाणाऱ्यांना भाड्याने दिल्या. म्हणजे या माणसाच्या घरादाराने अख्ख्या शहराला राहायला जागा दिली. तेव्हा मला यात गंमत वाटायची. आता स्वयंपाकघरात नुसतं उभं राहिलं तरी डोकं फिरतं.

माणूस मोठा मजेशीर. घाट लागायच्या आधी पोरांच्या हातात आवळासुपारी ठेवायचे, म्हाताऱ्यांना पुढची सीट द्यायचे, आणि नवरा-बायकोचं मागे भांडण जुंपलं की गाडी चहाच्या टपरीवर थांबवून स्वतः लांब जाऊन उभे राहायचे. हॉटेलं त्यांना तोंडपाठ होती, पण ती सगळी पार्किंगच्या बाजूने. कुठे झाडाची सावली आहे, कुठे वॉचमन बाथरूम वापरू देतो, कुठे बागेच्या नळावर आंघोळ करावी लागते. ते म्हणायचे, जिथं ड्रायव्हरला गरम पानी मिलतं तिथं पाव्हन्याला शिला भात मिलत नाय. मी हे किती वेळा ताडून पाहिलं, एकदाही चुकलं नाही. कोकणातल्या एका घरगुती मुक्कामात म्हातारीने त्यांना पडवीत गोधडी घातली आणि सगळ्यांच्या पंगतीत जेवायला बसवलं. ते घर आजही माझ्या यादीत सगळ्यात वर आहे, आणि गिऱ्हाईकं तिथून खूश होऊन येतात. तीर्थाच्या गावी धर्मशाळेत त्यांना इतरांसारखीच सतरंजी मिळायची, म्हणून तिथली भाडी ते आनंदाने घ्यायचे. उलट जेवढं हॉटेल भारी तेवढा त्यांचा चेहरा उतरलेला. हे सगळं मी ऐकून घेतलं, त्यावर माझा धंदा वाढवला, कोणतं हॉटेल चांगलं हे ओळखायची माझी ख्याती झाली. ज्याच्या जिवावर झाली त्याच्यासाठी मात्र एका हॉटेलवाल्याशी भांडले नाही.

एकदा मला एका कॉलेजात व्याख्यानाला बोलावलं. पर्यटन उद्योगात निवासव्यवस्थेची भूमिका आणि तिचे प्रकार. मी झोकात बोलले. हॉटेल, लॉज, रिसॉर्ट, घरगुती मुक्काम, तंबू, यात्री निवास, डॉर्मिटरी, धर्मशाळा, फळ्यावर सगळे प्रकार लिहिले. दिवसभर कितीही फिरा, रात्री पाठ टेकायला नीट जागा मिळाली नाही तर सहल फसली, असंही ठणकावून सांगितलं. भाऊ मागच्या बाकावर बसले होते, कारण बाहेर ऊन होतं. परत येताना म्हणाले, "ताई, पाट टेकाचा तुमी चांगला सांगितलाव. पन त्यात आमचा परकार कंचा?" मी हसले. म्हटलं, पुढच्या वेळी घालते तुमचापण. तेही हसले आणि गाडी चालवत राहिले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच व्याख्यान दिलं, फळ्यावर पुन्हा तेच प्रकार लिहिले.

आमच्या बुकिंगच्या कागदावर सगळ्यात खाली एक ओळ असते, ड्रायव्हरची सोय होईल. ती मी हजारदा छापली असेल. ही सोय म्हणजे काय ते सांगते. जनरेटरच्या खोलीबाहेरची ओसरी. कपडे धुवायच्या जागेमागची पत्र्याची शेड, तिथं आधीच चार ड्रायव्हर आणि एक पंखा. बहुतेक ठिकाणी तेही नाही, गाडीतच झोपा. आणि गाडीत झोपलात तर एसी लावू नका, डिझेल जळतं. हे शेवटचं मीच सांगायचे, दुसरं कोणी नाही. तुम्ही, हे वाचणारे, गेल्या सुट्टीत कुठंतरी गेला असाल. गादी कडक होती, टॉवेल ओला होता, पनीर खारट होतं, सगळं तुमच्या लक्षात असेल. तुम्हाला घाटातून सुखरूप नेणारा माणूस तेव्हा कुठे झोपला होता, सांगता येईल? नाही येणार. मलाही नसतं आलं, आणि माझा तर हा धंदा आहे.

शेवटचं भाडं आमच्याच सोसायटीतल्या एका कुटुंबाचं होतं. समुद्रकाठचं रिसॉर्ट, दोन रात्रींचा मुक्काम. ड्रायव्हर लोकांच्या शेडमध्ये कुठल्याशा लग्नाचं डेकोरेशन भरून ठेवलं होतं, म्हणून भाऊ दोन्ही रात्री गाडीत झोपले. दुसऱ्या संध्याकाळी ते रिसेप्शनवर गेले, छातीत जळजळतंय, जरा आडवं पडायला जागा देता का म्हणून विचारलं. ड्रायव्हरना आत अलाऊड नाही, असं काउंटरवरच्या पोराने सांगितलं. सुट्टीचे दिवस नव्हते, निम्म्या खोल्या रिकाम्या होत्या, त्यांच्या किल्ल्या त्या पोराच्या पाठीमागे खिळ्यांना लटकत होत्या. फोन आला त्या दिवशी दुपारी मी तिथं पोचले तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक, तो काय, कुठेही येऊ शकतो. मग जो तो हेच वाक्य धरून बसला, मॅनेजर तेच आणि ते कुटुंब तेच. कुठेही येऊ शकतो. अरे, येऊ शकतो ना, पण शेजारच्या खाटेवर माणूस असता तर त्याने हाक ऐकली असती. त्या कुटुंबातल्या बाईंना मी विचारलं, तुम्ही भाऊंची चौकशी केली नाहीत का. त्या म्हणाल्या, आम्हाला वाटलं तुम्ही सोय केली असेल, कागदावर तसं लिहिलंय.

पाचव्या दिवशी मी बोनकोड्याला गेले. मंजुळावहिनी, भाऊंची बायको, भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडून झालं होतं. बाकीच्या बायका चहाला आत गेल्या तशी त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, "ताई, मना ती खोली दाखवा. जीव गेला तिथं दिवा लावाचा हाय, दहाव्याच्या आत." भाऊ मुक्कामाच्या ठिकाणी गेले, एवढंच आम्ही घरी कळवलं होतं. मी विचारलं, कुठली खोली. मग त्या सांगायला लागल्या. भाऊ दर मुक्कामाहून फोन करायचे आणि खोलीचं वर्णन करायचे. इथं पांढरी चादर, इथं पलंगाशेजारी दिवा, इथं खिडकी उघडली की समुद्र. वहिनी त्यांना चिडवायच्या, मी हितं चटईवर आनी तुमी सायबावानी गादीवर. शेवटच्या संध्याकाळीसुद्धा फोन आला होता, खोली फस्क्लास हाय, मस्त झोपतो. भाऊ अधूनमधून ऑफिसात येऊन माझ्या कॉम्प्युटरवर खोल्यांचे फोटो बघत बसायचे. मला वाटायचं, गिऱ्हाइकाला माहिती द्यायला बघतात. सतरा वर्षं या माणसाने बायकोला काळजी नको म्हणून फोटोतल्या खोल्या सांगितल्या होत्या.

आता मी काय केलं ते लिहिते, लाज वाटते तरी लिहिते. मी ठरवलं की वहिनींना खोटंच सांगायचं. रिसॉर्टला फोन लावला आणि मॅनेजरला अक्षरशः विनवण्या केल्या. एक रिकामी खोली अर्धा तास उघडून द्या, बाई दिवा लावेल, हात जोडेल, निघून जाईल. तो म्हणाला, "मॅडम, रूममध्ये डेथ झाली असं पसरलं तर बुकिंग पडेल आमचं. आणि तसं झालेलं पण नाही ना." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिवंतपणी खोली दिली नाही आणि मेल्यावर अर्धा तास खोटी खोटी द्यायलाही तयार नाहीत. त्याला मी जे काही सुनावलं ते इथं छापता येणार नाही. फोन ठेवला आणि मग कळलं, त्यातले निम्मे शब्द मला स्वतःलाच ऐकवायला हवे होते. तो निदान खरं बोलला. मी मात्र त्या बाईला एका पलंगासमोर नेऊन उभं करणार होते, म्हणजे सोय झाली होती असं तिला वाटलं असतं, आणि मी सुटले असते.

नवव्या दिवशी दुपारी वहिनींना घेऊन मी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आले. गाडी तिथंच उभी होती, दुसऱ्या ड्रायव्हरने परत आणलेली. मी म्हटलं, वहिनी, खोली नव्हती. कधीच नव्हती. हीच. शिव्या देतील, अंगावर येतील असं वाटलं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पदर खोचला, चपला बाहेर काढून ठेवल्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसल्या. ही मागं कशी जाते, असं विचारलं. मी खटका दाबून सीट मागे पाडली. त्या आडव्या झाल्या, पाय लांब करायला गेल्या, तर पाय खाली पेडलना अडले. कुशीवर वळून पाहिलं, तर गुडघा दाराला लागला. "पाय सरल होत नाय गो," त्या म्हणाल्या, "आनी ते तर माज्यापेक्षा उंच."

मग उठून बसल्या आणि म्हणाल्या, आता काय झाला ते सगला सांगा. रिसॉर्टच्या गेटवरच्या वॉचमनने मला जे सांगितलं होतं, आणि मी कुणालाही सांगितलं नव्हतं, ते मी त्यांना सांगितलं. गाडी मागच्या भिंतीशी होती. उजाडायच्या सुमाराला भाऊंनी ती स्वतः चालवत रिसेप्शनच्या दारापर्यंत आणली आणि दोनदा हॉर्न वाजवला. वॉचमन गेटवरूनच त्यांच्यावर ओरडला, हॉर्न बंद कर, गेस्ट झोपलेत. त्यावर त्यांनी पुन्हा हॉर्न वाजवला नाही.

वहिनींनी विचारलं, हॉर्न कुठला. मी दाखवला. त्यांनी दोन्ही तळवे त्यावर ठेवले आणि दाबले, ते उचललेच नाहीत. दुपारची वेळ, सगळी सोसायटी जेवून पडलेली. धडाधड खिडक्या उघडल्या. आमचा वॉचमन धावत आला. सेक्रेटरी बनियनवरच गॅलरीत येऊन, काय तमाशा आहे, म्हणून ओरडले. दुसऱ्या मजल्यावर त्या सहलीच्या बाईही आल्या, त्यांनी गाडी ओळखली आणि त्या कठड्याला धरून तशाच उभ्या राहिल्या. वॉचमन दार उघडायला पुढे झाला, मी मध्ये उभी राहिले. म्हटलं, हात लावायचा नाही, वाजू दे. किती वेळ वाजला माहीत नाही... मग वहिनींनी हात काढले, काचेतून मान वर करून एकेक खिडकी बघितली आणि म्हणाल्या, "ऐकाला येतं की मानसांना."